दोनदा हात लावावा लागलेला माणूस

चर्र.

दुपारचे अडीच वाजले होते. सासूबाई आडव्या झाल्या होत्या आणि मी पलंगाच्या कडेला बसून कपड्यांच्या घड्या घालत होते. घरात इतकं शांत होतं की न्हाणीघरातला तो आवाज थेट कानावर आला. चिकटपट्टी कातडीवरून एका दमात ओढली की येतो तो. मी ती रोज कोमट पाण्याने भिजवते, भुवईचे केस वाचवत फुंकर घालते आणि मग काढते. सकाळी मी लावून गेलेली ही पट्टी कुणीतरी एका झटक्यात काढली होती.

दार ढकललं. खारू स्टुलावर चढून आरशासमोर उभी होती. हातात पट्टी आणि उजव्या डोळ्याभोवती लाल चौकोन.

"सहा तास झाले?" मी विचारलं.

"आता तास नाहीत," ती म्हणाली. "मी बरी झाले ना."

"कुणी केलं बरं?"

"येशूने." मग जरा विचार करून, "आणि पाळककाकांनी. त्यांनी नुसता हात धरला होता."

खारू माझी मुलगी. वय सहा वर्षं चार महिने. पाळण्यातलं नाव वेगळं आहे, पण बिस्कीट दोन्ही हातांत धरून कुरतडते म्हणून खारूताईची खारू झाली. तिचा डावा डोळा आळशी आहे. हा शब्द डॉक्टरबाईंचा, माझा नाही. माझ्या लेकीच्या कुठल्याही अवयवाला मी आळशी म्हणणार नाही. डोळा दिसायला लख्ख, पण उजवा सगळं काम करतो म्हणून डावा बसून खातो. उपाय एकच. कामसू डोळ्यावर रोज सहा तास पट्टी लावायची, म्हणजे आळशाला हातपाय हलवावेच लागतात. आणि हे सगळं सात-आठ वर्षांच्या आत व्हायला हवं. त्यानंतर मेंदू त्या डोळ्याचं काही ऐकून घेत नाही. "आठवा वाढदिवस ही भिंत समजा," डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या. "भिंतीच्या अलीकडे जे मिळवाल ते तिचं. पलीकडे मीही काही करू शकणार नाही, दुसरं कुणीही नाही."

दुसरं कुणीही नाही, हे त्यांनी आमच्या चर्चच्या मंडळीच्या पाळकसाहेबांना विचारून म्हणायला हवं होतं.

मी चष्म्याच्या दुकानात काम करते. नऊ ते एक, शनिवारी पूर्ण दिवस. त्या वेळात खारू सासूबाईंजवळ असते, म्हणजे पट्टीचे सहातले चार तास त्यांच्या ताब्यात. बुधवारी सकाळी आमच्याकडे प्रार्थनेची घरसभा होती. आठ-दहा बायका, दोन पुरुष आणि पाळकसाहेब. मी तेव्हा दुकानाच्या मागच्या खोलीत चाकावर काचा घासत होते. इकडे माझ्या घरात चमत्कार झाला आणि तो मला गुरुवारी दुपारी न्हाणीघरात कळला.

"अगं, रविवारीच सांगणार होते," सासूबाई उठून बसत म्हणाल्या. "तुला एकदम आनंद द्यायचा होता."

"दिलात. आता सांगा काय झालं."

त्यांनी सांगितलं. पाळकसाहेबांनी खारूला पुढे बोलावलं, डाव्या डोळ्यावर तेल लावलं, सगळ्यांनी डोळे मिटले. प्रार्थना झाल्यावर त्यांनी तिच्या उजव्या डोळ्यावर आपला तळवा ठेवला आणि म्हणाले, वाच. समोर कपाटाच्या दारावर डोळे तपासायचा अक्षरांचा तक्ता होताच.

तो तक्ता मीच लावलाय. दुकानात नवा आल्यावर जुना काकांनी मला दिला. काका म्हणजे दुकानाचे मालक. घरी सराव होईल म्हणून मी तो कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. सात महिने रोज संध्याकाळी आम्ही त्याच्यासमोर बसतो. खारूला तो पाढ्यांसारखा पाठ आहे. आंघोळ करताना म्हणते. बाहुलीला वाचून दाखवते आणि बाहुली चुकली की तिला पट्टी लावते.

"सगळं वाचलं गं," सासूबाई म्हणाल्या. "वरच्या मोठ्या अक्षरापासून शेवटच्या ओळीपर्यंत. एक अक्षर चुकली नाही."

"शेवटची ओळ?"

"शेवटची. आणि त्याच्याही खाली ते बारीक असतं ना, छापखान्याचं नाव आणि पत्ता? तेसुद्धा वाचलं."

मी हातातला टॉवेल तसाच धरून बसले. छापखान्याचं नाव मुंगीच्या पायाएवढं आहे. दहा फुटांवरून ते गरुडालाही वाचता येणार नाही, आणि गरुडाने वाचलं तर त्याला दुकानात आणून माझाच चष्मा तपासून घ्यावा लागेल. डोक्यात तांदळाएवढी अक्कल असलेल्या कुठल्याही माणसाने तिथे थांबून म्हटलं असतं, अरे, हिला पाठ आहे. त्या खोलीत बारा मोठी माणसं होती. बाराही जणांनी हात वर करून स्तुती केली. एक बाई तर रडली. छापखान्याचा पत्ता ऐकून रडलेली ती जगातली पहिलीच बाई असावी.

"आई, तिला तो तक्ता पाठ आहे."

"माहीत आहे मला," सासूबाई म्हणाल्या. मग म्हणाल्या, "पाठ असलं म्हणून दिसत नसेल असं थोडंच आहे?"

मी टॉवेलची घडी पुरी केली.

"रविवारी साक्ष द्यायचीय," त्यांनी पुढे सांगितलं. "सगळ्या मंडळीसमोर. आणि तोपर्यंत पट्टी लावायची नाही. पाळकसाहेब म्हणाले, देवाने दिल्यावर पट्टी लावणं म्हणजे त्याला खोटं पाडणं."

"आणि रविवारनंतर?"

"रविवारनंतर कशाला लागेल पट्टी?"

म्हणजे ते असं होतं. रविवारी खारू सगळ्यांसमोर बरी झाली की या घरात पट्टी म्हणजे पाप. मी नऊला घराबाहेर पडल्यावर ते पाप कुणी करणार नव्हतं. आणि भिंत तर एका जागी उभी राहत नाही, ती रोज एक दिवस जवळ सरकते.

पाळकसाहेबांना मी मनातल्या मनात 'खोलअर्थ' म्हणते. एकदा नवऱ्यासमोर तोंडातून निसटलं, तेव्हापासून तोही म्हणतो, पण दार लावून. साहेब कुठलाही उतारा वाचतात, पुस्तक मिटतात, चष्मा काढतात आणि म्हणतात, "पण बंधुभगिनींनो, याचा खोल अर्थ काय?" मग ते विहीर खणायला घेतात. खाली खाली जातात, आपणही दोर धरून उतरतो, आणि तळाशी पाणी नसतं, साहेबच बसलेले असतात.

योगायोग असा की दोनच रविवार आधी त्यांनी त्या आंधळ्याची गोष्ट घेतली होती. शुभवर्तमानातली एक छोटी, अवघडलेली गोष्ट. लोक एका आंधळ्याला येशूकडे आणतात. येशू त्याचा हात धरून त्याला गावाबाहेर नेतो, डोळ्यांना थुंकी लावतो, हात ठेवतो आणि विचारतो, तुला काही दिसतं का? तो म्हणतो, माणसं दिसतात, पण झाडांसारखी दिसतात, चालणारी. मग येशू पुन्हा हात ठेवतो. तेव्हा त्याला स्वच्छ दिसतं. आणि येशू त्याला सांगतो, घरी जा, गावात जाऊ नकोस.

ही गोष्ट साहेबांच्या घशाखाली उतरत नव्हती, ते दिसतच होतं. देवाच्या पुत्राला दोनदा हात लावावा लागला, हे कसं सांगायचं? म्हणून मग खोल अर्थ. थुंकी म्हणजे वचन. झाडं म्हणजे जगाचा मोह. पहिला स्पर्श म्हणजे नियमशास्त्र, दुसरा म्हणजे कृपा. आणि अर्धवट का दिसलं, तर आंधळ्याचा विश्वास अर्धवट होता म्हणून. "ज्याचा विश्वास पुरा, त्याला पहिल्याच स्पर्शात पुरं दिसतं," साहेब म्हणाले. पुढच्या रांगेत खारू पाय हलवत बसली होती. मला वाटलं ती खडूने चप्पल रंगवतेय. ती ऐकत होती.

आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, असं आपल्याकडे म्हणतात. साहेबांनी त्या बिचाऱ्याला दोन डोळे मिळाल्यावरही नापास केलं.

रात्रीचं जेवण चाललं असताना मी नवऱ्याला सांगितलं. तो मंडळीत माईक आणि स्पीकर सांभाळतो. पगार नाही, सेवा. कुठल्याही भांडणात तो आवाज थोडा कमी करतो, हा त्याचा स्वभाव आणि तीच त्याची सेवा.

"एक रविवार जाऊ दे," तो म्हणाला. "सोमवारपासून लाव गपचूप."

"नऊ ते एक कोण लावणार, तू?"

"आईला समजावू."

"तुझी आई समजते सगळं. तिला समजायचं नाहीये."

त्याने पाण्याचा ग्लास उजव्या हाताने चाचपून घेतला. तेव्हा माझ्या लक्षात आलं, ग्लास त्याच्या डाव्या बाजूला होता. माझ्या नवऱ्याचा डावा डोळाही तसाच आहे. लहानपणी कुणाच्या लक्षात आलं नाही. मुलगा जरा धडपड्या आहे, एवढंच म्हणत राहिले. तो अकरा वर्षांचा असताना शाळेच्या तपासणीत कळलं आणि तोवर भिंत ओलांडून झाली होती. सासूबाई हे कधी बोलत नाहीत. पण खारूचं निदान झालं त्या दिवशी त्यांनी दिवसभर पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. त्यांना चमत्कार कशासाठी हवा होता, हे मला कळत होतं. राग येत होता तो त्यांचा नव्हे. त्या भुकेल्या बाईला छापखान्याचा पत्ता खायला घालणाऱ्याचा येत होता.

शनिवारी सकाळी साहेब दुकानात आले. त्यांचा दुहेरी नंबरचा नवा चष्मा तयार होता. वर लांबचं, खाली जवळचं. काचा मीच घासल्या होत्या आणि चांगल्या घासल्या होत्या. मनात काही असलं तरी काचेवर राग काढायचा नाही, हे काकांनी पहिल्याच दिवशी शिकवलंय.

"प्रभूची स्तुती," साहेब म्हणाले आणि चष्मा घातला. दोन पावलं चालले. "हे काय, जमीन पोहतेय."

"खालच्या काचेतून बघताय तुम्ही. मान जरा खाली घ्या. आता?"

"आता ठीक. पण डावीकडे धूसर आहे."

मी चष्मा घेतला, दांडी गरम करून किंचित वाकवली आणि परत दिला. "आता?"

"धूसर गेलं. नाकावर टोचतंय."

नाकाच्या गाद्या बाहेर ओढल्या. "आता?"

"हां. आता स्वच्छ." आरशात बघून त्यांनी केसांवरून हात फिरवला.

तीनदा हात लावला मी त्या चष्म्याला. तीनदा विचारलं आणि तीनदा त्यांनी खरं सांगितलं. विश्वास कमी होता म्हणून का? नाक दुखत होतं म्हणून. स्वतःच्या नाकाबद्दल माणूस किती प्रामाणिक असतो.

"साहेब," मी म्हटलं, "खारूला तो तक्ता पाठ आहे. सात महिन्यांपासून."

"हो, तुमच्या सासूबाई म्हणाल्या," ते शांतपणे म्हणाले. "पण बाई, तुम्ही वरवरचं बघताय. पाठांतर कोणाला दिसतं? माणसाला. अंतःकरण कोणाला दिसतं?"

"इथे दुसरा तक्ता आहे. पाच मिनिटं लागतील. तिने वाचला तर मी स्वतः रविवारी साक्ष देईन."

"प्रभूची परीक्षा पाहू नये."

"प्रभूची नाही हो, डोळ्याची."

ते हसले. असं हसू मी ओळखते. समोरचा खालच्या पायरीवर आहे आणि आपण वरच्या, हे पक्कं ठाऊक असलेल्या माणसाचं. "तुम्ही आई आहात, काळजी वाटणारच. पण लेकराच्या साक्षीच्या आड येऊ नका. तिचा विश्वास पुरा आहे. तिने मला स्वतः सांगितलं, सगळं दिसतं म्हणून."

"तुम्ही तिला काय विचारलं होतं?"

"विचारलं, तुझा विश्वास पुरा आहे ना? म्हणाली हो. मग दिसतं ना सगळं? म्हणाली हो."

ते गेले. जिना उतरताना मान बरोबर खाली घेतली.

काका सगळं ऐकत होते. ते मंडळीतले नाहीत, कुठल्याच मंडळीतले नाहीत. चहाचा कप खाली ठेवत म्हणाले, "डोळा तपासणं सोपं असतं गं. काच बदलायची, आता बरं की मघाशी बरं, विचारायचं. अर्धी माणसं खोटं बोलतात. समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून, परीक्षेत नापास होऊ नये म्हणून. घरी जातात आणि महिनाभर डोकं धरून बसतात. खरं बोलणारं गिऱ्हाईक मिळालं की मी त्याला नमस्कार करतो."

मी त्या दिवशी काचा घासत उभी राहिले आणि ती गोष्ट पहिल्यांदा आमच्या धंद्याच्या बाजूने वाचली. साहेबांची विहीर नको, नुसतं जमिनीवर उभं राहून. एवढ्या लोकांना बरं केलं येशूने, पण हात लावून झाल्यावर 'दिसतं का' असं त्याने या एकालाच विचारलं. ज्याला उत्तराची भीती असते तो विचारत नाही. आणि तो आंधळा. जन्मभर दुसऱ्याचा हात धरून चाललेला माणूस, समोर असा वैद्य, गावभर नाव झालेला. हो म्हणून मोकळा झाला असता. उपकार झाले म्हणाला असता. त्याने म्हटलं, नाही, अजून नीट नाही. माणसं झाडांसारखी दिसतात. आणि त्यावर येशू रागावला नाही, तुझाच विश्वास कमी असं म्हणाला नाही. पुन्हा हात लावला. मला तर वाटतं अर्धा चमत्कार त्या मधल्या उत्तरातच होता. आणि म्हणूनच तो त्याला गावाबाहेर घेऊन गेला असणार. गावात खरं बोलता येत नाही. गावात माणसं हात वर करून उभी असतात.

एवढं सगळं कळलं आणि तरी संध्याकाळी निघताना मी नव्या तक्त्याची गुंडाळी पिशवीत घातली. मला साहेबांना उघडं पाडायचं होतं. उगाच सोवळेपणा का दाखवू?

रविवारी सभागृह भरलं होतं. सासूबाईंनी खारूला पांढरा झगा घातला होता, वेण्या इतक्या घट्ट घातल्या होत्या की भुवया वर चढल्या होत्या. कपाटाच्या दारावरचा तक्ता खरवडून आणून व्यासपीठावर टांगला होता. कोपरा फाटला होता, छापखान्याचा पत्ता मात्र शाबूत. नवरा मागे आपल्या बटणांपाशी. मी तिसऱ्या रांगेत, मांडीवर पिशवी.

साहेबांनी नवा चष्मा काढला. "दोन रविवारांपूर्वी आपण एका आंधळ्याचा खोल अर्थ पाहिला," ते म्हणाले. "आज तो अर्थ आपल्यामध्ये चालत येणार आहे."

खारू चालत आली. पायऱ्या तीन होत्या. तिसरीला ती अडखळली, साहेबांनी दंड धरून वर घेतलं आणि लोक कौतुकाने हसले. साहेबांनी तिच्या उजव्या डोळ्यावर हात ठेवला.

"वाच बाळा."

मी पिशवीत हात घातला. गुंडाळी हाताला लागली. माझं वाक्यही तयार होतं, आदल्या रात्रीपासून घासून घासून धार लावलेलं. उठायचं, पुढे जायचं, तक्ता बदलायचा आणि म्हणायचं, आता वाचू दे. दोन मिनिटांत साहेबांचा सगळा खोल अर्थ पालथा पडला असता.

तेवढ्यात मी खारूकडे बघितलं. ती तक्त्याकडे बघतच नव्हती. तिचा मोकळा डावा डोळा आम्हा लोकांवरून फिरत होता, या टोकापासून त्या टोकापर्यंत, परत या टोकाला. मला शोधत होता. मी बारा फुटांवर होते. हिरवी साडी नेसले होते, सकाळी तिनेच निवडलेली. तो डोळा माझ्यावरून दोनदा गेला आणि थांबला नाही.

आणि मग तिने म्हणायला सुरुवात केली. पहिलं अक्षर, दुसरी ओळ, तिसरी. आवाज गोड, खणखणीत, आणि मान तक्त्याकडे नसून आमच्याकडे. कुणाच्या लक्षात आलं नाही. सगळे ऐकत होते, बघत कुणीच नव्हतं.

तक्ता बदलला असता तर उघडं कोण पडलं असतं? साहेब घरी जाऊन जेवले असते. दोनशे माणसांसमोर गप्प उभी राहिली असती ती माझी लेक. मी पिशवी खुर्चीवर ठेवली, उठले, पायऱ्या चढले आणि तिचा हात धरला.

"चल," मी म्हटलं.

"अजून दोन ओळी राहिल्या," ती कुजबुजली.

"राहू दे त्या."

"ताई, साक्ष पूर्ण होऊ द्या," साहेब म्हणाले, आणि मग माईककडे वळून, "आईचं मन भरून आलंय, बंधुभगिनींनो. याचा खोल..."

माईक बंद झाला. साहेबांचे ओठ हलत राहिले, हात वर झाला, खाली आला, आणि आवाज काही येईना. तार सुटली होती, असं माझा नवरा आजही म्हणतो. मी त्याला तार दाखव म्हटलेलं नाही.

सभागृहामागे एक बोळ आहे. सायकली, पाण्याची टाकी, मोडक्या बाकांचा ढीग. आम्ही टाकीच्या कट्ट्यावर बसलो. आत पेटी सुरू झाली होती. काही झालं नाही असं दाखवायला गाणं फार उपयोगी पडतं. मी तिच्या वेण्या सैल केल्या. भुवया जागेवर आल्या.

"तू रागावलीस?" तिने विचारलं.

"तुझ्यावर नाही."

मी माझा तळवा तिच्या उजव्या डोळ्यावर ठेवला. "आता मला सांग, तुला काय दिसतं? बरोबर-चूक काही नाही. काहीही सांगितलंस तरी मी अशीच बसणार आहे."

तिने मान वळवली. बोळाच्या तोंडाशी रस्ता होता, तिथून माणसं जात होती.

"तिकडे उभं उभं काहीतरी आहे," ती म्हणाली. "लांब लांब. मला वाटतं काही खांब आहेत आणि काही माणसं."

"कसं ओळखतेस?"

"हललं की माणूस."

मागे कुणीतरी श्वास घेतला. सासूबाई होत्या. कधी आल्या कळलंच नाही. हातात माझी पिशवी, त्यातून गुंडाळी डोकावत होती. त्या हळूच येऊन खारूसमोर उभ्या राहिल्या, चार पावलांवर, अगदी स्तब्ध. काही बोलल्या नाहीत.

खारूने डोळा बारीक केला, मोठा केला, मान वाकडी केली. आजीला बघत होती आणि आजी सापडत नव्हती. सासूबाई हलल्या नाहीत. पदर वाऱ्याने हलला, तोही त्यांनी मुठीत धरला.

"इथे पण एक खांब आहे," खारू म्हणाली.

सासूबाईंनी तोंड फिरवलं. सायकलींकडे बघत उभ्या राहिल्या, खांदे हलत होते. त्या दिवशी मी जेवढे शब्द गिळले तेवढे लग्नापासून गिळले नव्हते. मग त्यांनी डोळे पुसले, माझ्या पिशवीचा आतला कप्पा उघडला आणि पट्टीचं पाकीट काढलं. त्यांना तो कप्पा माहीत होता हे मला तेव्हा कळलं.

"मी लावते," त्या म्हणाल्या. "सरक जरा."

"अगं आजी, तू आहेस होय," खारू म्हणाली.

त्यांनी पट्टी लावली, कडा बोटाने दाबल्या, एकदा, पुन्हा एकदा. अकरा वर्षांच्या मुलाच्या डोळ्यावर जी लावायची राहिली होती ती लावत असाव्यात, असा तो हात होता. "पाळकसाहेबांना काय सांगायचं?" त्यांनी मला विचारलं, पण सुनेला विचारतात तसं नव्हे, एका बाईने दुसरीला विचारावं तसं.

"त्यांना सांगू, खोल अर्थ सापडला. उथळ पाण्यात होता."

सासूबाईंना हसू आलं आणि त्याची लाज वाटली, म्हणून त्यांनी खारूच्या झग्याची नाडी परत बांधली.

खारू हे सगळं एका डोळ्याने बघत होती. "तो आंधळा पण असंच म्हणाला होता ना," ती म्हणाली, "झाडं चालतात म्हणून?"

"हो."

"सगळ्यांसमोर?"

"नाही. गावाबाहेर. दोघंच होते जवळजवळ."

"आणि मग येशूने परत हात लावला."

"परत लावला."

ती कट्ट्यावरून पाय हलवत राहिली. आतलं गाणं संपलं होतं, पाळकसाहेबांचा आवाज पुन्हा सुरू झाला होता, पण इथवर शब्द पोचत नव्हते, नुसता गुणगुणाट. मला वाटलं विषय संपला. मी उठून तिचा हात धरला, तर ती उठली नाही.

"मी पाळककाकांना सगळं दिसतं म्हटलं," ती म्हणाली. "त्या आंधळ्यानेपण घाबरून तसंच म्हटलं असतं, तर येशूला कळलं असतं का आई, की अजून एकदा हात लावायचाय? की तो तसाच निघून गेला असता?"